सहाव्या भाडेकरूचं गाव

प्रल्हाद मेश्राम सहा महिन्यांच्या व्हिसावर ॲन आर्बरला आले आणि नवव्या दिवशी त्यांच्या हाताला काम उरलं नाही. मुलगा राजीव युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये, सून रुपाली हॉस्पिटलात, आणि बाहेर नोव्हेंबरचा असा गारठा की नागपूरच्या माणसाला खिडकीतून नुसतं बघूनच शिंक यावी. चौतीस वर्षं कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस रिकामा बसला की काय करणार? मसाल्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लागल्या. राजीवची सात वर्षांची पत्रं तारीखवार लागली. मग रुपालीने फ्रीज उघडला तर अंड्यांवर पेन्सिलीने आकडे.

"बाबा, हे काय?"

"आधी आलेलं आधी जावं," प्रल्हादराव म्हणाले. "नाहीतर मागचं मागेच राहतं."

रुपालीने राजीवकडे बघितलं. बाबांना काहीतरी उद्योग लावून दे, असा त्या बघण्याचा अर्थ होता.

उद्योग पायाखालीच होता. घर जुनं, लाकडी, दोन मजली. वर राजीवचं बिऱ्हाड, खाली घरमालक माइक हनात्युक आणि त्याचा पंचाण्णव वर्षांचा आजोबा. माइक चाळिशीचा, शाळेत इतिहास शिकवणारा, बायको सोडून गेलेली. आजोबांचं नाव पेट्रो, पण घरात त्यांना दिदो म्हणायचे, म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबाच. सकाळी दहाला काठीची टकटक सुरू व्हायची. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. गेले दोन महिने म्हातारा रोज कोट घालून दारात उभा राहायचा आणि घरी जायचं म्हणायचा. चाळीस वर्षं ज्या घरात राहिला त्याच घरात उभा राहून घरी जायचं म्हणायचा. कुठल्या घरी, असं माइकने विचारलं की तोंड मिटायचा.

एवढंच ठाऊक होतं की दिदो युक्रेनचा, सतराव्या वर्षी, म्हणजे १९०९ साली, बोटीने आलेला. गाव कोणतं ते त्याने बायकोला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही, आणि त्यांच्यातलं आता कुणीही उरलं नव्हतं. पुढच्या जूनमध्ये एक टूर ल्विवला जाणार होती आणि माइकने तिच्यात नाव घातलं होतं. सोव्हिएत सरकार पाहुण्यांना खेड्यात जाऊ देत नसे, पण गावाकडच्या माणसांना आधी पत्र गेलं तर ती शहरातल्या हॉटेलवर भेटायला येऊ शकत. टूरवाल्याने बजावलं होतं, पत्र फेब्रुवारीच्या आत टाका, तिकडचं पोस्ट गोगलगायीच्या पाठीवरून जातं. पत्र लिहायला माइक तयार होता. पाकिटावर गाव कोणतं घालायचं, तिथे घोडं अडलं होतं.

"म्हणजे मास्तर जगाचा इतिहास शिकवतात," प्रल्हादराव रात्री जेवताना म्हणाले, "आणि घरच्या इतिहासाचं पहिलं पान गहाळ."

"बाबा, प्लीज, त्याला असं म्हणू नका."

"म्हणत नाही. कागद घेऊन ये म्हणावं."

माइक बुटांचं खोकं घेऊनच वर आला. प्रल्हादरावांनी चष्मा पुसला, वही उघडली, रकाने आखले, आणि चेहऱ्यावर नऊ दिवसांनी रक्त आलं. कागद तीन निघाले. बोटीच्या यादीत गावाच्या रकान्यात लेम्बर्ग, म्हणजे आजचं ल्विव, त्या मुलखातलं सगळ्यात मोठं शहर. नागरिकत्वाच्या अर्जावर टार्नोपोल, दुसरं शहर. लग्नाच्या दाखल्यावर एक खेडं होतं खरं, पण माइकने आजीकडून ऐकलं होतं की ते तिचं माहेर. म्हणजे नवऱ्याने बायकोचंच गाव स्वतःच्या नावापुढे ठोकून दिलं होतं.

माइक म्हणाला, बिचारा विसरला असेल, किंवा कारकुनांनी चुका केल्या असतील. कारकुनांचं नाव निघताच प्रल्हादराव किंचित ताठ झाले. कारकून एकदा चुकतो, ते म्हणाले, तीन कचेऱ्यांतले तीन कारकून एका माणसासाठी तीन वेगळ्या चुका करत नाहीत. पुढचं ते मनातल्या मनात बोलले. तीन ठिकाणी तीन गावं सांगणारा माणूस विसरलेला नसतो.

ही अक्कल त्यांना रेकॉर्ड रूमने दिलेली नव्हती. याच महिन्यात डेट्रॉइटकडच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत श्रीरंगकाका म्हणून एक गृहस्थ चिवड्याची प्लेट घेऊन शेजारी येऊन बसले होते. मेश्राम म्हणजे मूळचे कुठले? नागपूर, प्रल्हादराव म्हणाले. हो, पण त्याच्या आधी? सीताबर्डी, प्रल्हादराव म्हणाले. सीताबर्डी नागपुरातच आहे हे श्रीरंगकाकांना कळायला अर्धा मिनिट लागला आणि तेवढ्यात प्रल्हादराव जिलबी आणायला उठले होते. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या माणसाला हा प्रश्न कशासाठी विचारला जातो ते पुरतं ठाऊक असतं. गाव विचारतात, गावातली बाजू शोधतात.

एवढं ठाऊक असून पुढे जे केलं ते त्यांनी केलं. रिकामपण आणि हुशारी एका घरात राहायला आली की तिसऱ्याचं काही खरं नसतं.

रेकॉर्ड रूमची एक युक्ती असते. एखाद्याच्या जमिनीचा कागदच सापडत नाही, वाळवीने खाल्लेला असतो किंवा भावाने. तेव्हा त्याचा कागद शोधत बसायचं नाही. शेजाऱ्यांचे काढायचे. प्रत्येक खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. चार शेजाऱ्यांच्या कागदांवर मधला माणूस आपोआप उमटतो. प्रल्हादरावांनी या युक्तीवर कितीतरी अडलेली प्रकरणं सोडवली होती, आणि ती सोडवताना समोरच्या पक्षकाराचं तोंड बघण्याची त्यांना गोडी होती.

डिसेंबरभर ते राजीवच्या जुन्या कोटात, कानटोपी घालून बसने युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत गेले. १९१० ची जनगणना काही वर्षांपूर्वीच लोकांना खुली झाली होती, सगळी मायक्रोफिल्मवर. ते डोळ्यांना पाणी येईपर्यंत चक्र फिरवत बसायचे. डबा रुपालीचा, पेन्सिल स्वतःची. काउंटरवरची मुलगी आधी त्यांना प्रोफेसर समजली आणि त्यांनी तिचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही. सतराव्या दिवशी पेट्रो हनात्युक सापडला. डेट्रॉइटलगतच्या हॅमट्रॅमकमध्ये, एका विधवेच्या घरी. भाडेकरू सहा. सगळे एकाच प्रांतातले, सगळे कारखान्यात मजूर. पेट्रो यादीत सहावा.

गाव या नोंदीतही नव्हतं. पण पाच शेजारी मिळाले होते.

जानेवारीत माइक त्यांना शनिवारी शनिवारी गाडीतून युक्रेनियन चर्चच्या ऑफिसात नेऊ लागला. तिथल्या फादरना आधी काही उमजेना, की हा हिंदुस्थानी गृहस्थ आपली पुस्तकं अशी प्रेमाने का हाताळतो. प्रल्हादरावांनी पान उलटण्याआधी बोट रुमालाला पुसलं, तेव्हा त्यांनी कपाटाची किल्लीच दिली. या चर्चची एक रीत होती: लग्नाच्या नोंदीत नवरदेवाचं मायदेशातलं गाव लिहायचं. पाचही भाडेकरूंची लग्नं याच चर्चमध्ये लागली होती. पहिल्याचं गाव वेर्बिव्का. दुसऱ्याचं वेर्बिव्का. पाचव्याचंही वेर्बिव्का निघालं तेव्हा प्रल्हादरावांनी वही मिटली आणि फादरकडे पाणी मागितलं.

घरी परतताना माइक गाडी चालवता चालवता दोनदा रडला. प्रल्हादराव मान वर करून सिग्नल मोजत होते. त्यांना आपली रेकॉर्ड रूम आठवत होती आणि फार दिवसांनी स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, माइकने बिटाचं सूप केलं आणि वरच्या तिघांना जेवायला बोलावलं. प्रल्हादरावांनी कोट घातला. सूप वाढून झाल्यावर त्यांनी आपल्या कचेरीतल्या इंग्रजीत सगळं प्रकरण क्रमाने मांडलं: अर्जदार, उपलब्ध कागद, तपासाची पद्धत, निष्कर्ष. माइकला तेवढा धीर कुठला. तो खुर्ची सरकवून म्हाताऱ्याच्या पायाशी बसला.

"दिदो. वेर्बिव्का. तू वेर्बिव्काचा आहेस."

पेट्रोने चमचा खाली ठेवला. नातवाकडे बघितलं नाही, प्रल्हादरावांकडे बघितलं.

"कुणी सांगितलं?" त्याने विचारलं. "त्या पाच जणांनी?"

ते पाचही जण केव्हाच मातीत गेले होते. म्हातारा उठला, आपल्या खोलीत गेला, दार लावून घेतलं. माइक दाराबाहेरून कितीतरी वेळ बोलत राहिला. आम्ही पत्र लिहितो, तिथे तुझं कुणी असेल, ते येतील भेटायला. शेवटी आतून एकच वाक्य आलं: ते गाव माझं नाही, आणि पत्र टाकलंस तर मी तुझ्या हातचं खाणार नाही.

सोमवारी दहा वाजले आणि टकटक झाली नाही. मंगळवारीही नाही. माइक सांगत होता की दिदो भिंतीकडे तोंड करून पडलाय, दूध सोडून काही घेत नाही, डॉक्टर म्हणतात तब्येत ठीक आहे पण या वयात असं चाललं तर फार दिवस नाहीत. खालचं चालणं थांबलं आणि वरचं सुरू झालं. प्रल्हादराव हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत, पाठीमागे हात बांधून, दिवसभर. बसले की उठावंसं वाटे, उठले की खिडकीपाशी जावंसं वाटे, खिडकीत बर्फ तेवढा दिसे. रुपालीने चहा दिला तो टेबलावर निवला.

"बाबा, तुम्ही त्यांना आधी एकट्याला विचारायला हवं होतं," राजीव म्हणाला. "सगळ्यांसमोर असं अनाउन्स केलंत."

"निष्कर्ष बरोबर होता."

"रॉंग होता असं मी म्हणालो नाही."

बाप वही उघडून बसला. चूक शोधायची त्यांची ती एकच रीत होती. पाच भाडेकरूंच्या लग्नांबरोबर त्यांनी सवयीने बाप्तिस्म्याच्या नोंदीही उतरवून घेतल्या होत्या. पाचांची मिळून एकोणतीस मुलं. प्रत्येक मुलाला एक धर्मपिता लागतो, बाप्तिस्म्याच्या वेळी मूल हातात घेणारा. त्या लोकांत हे नातं फार मोठं, सोयरिकीच्या तोडीचं. एकोणतीस मुलांचे धर्मपिते बघावेत तर याच पाचांपैकी कुणी ना कुणी, आळीपाळीने. पेट्रोचं नाव एकदाही नाही.

मग त्यांनी त्याच वहीतून पेट्रोच्या स्वतःच्या तीन मुलांच्या नोंदी काढल्या. तिघांचाही धर्मपिता एकच, चर्चची घंटा वाजवणारा नोकर.

प्रल्हादरावांचा हात पानावर थांबला. हे आधी कुठे पाहिलं होतं ते त्यांना आठवावं लागलं नाही. गावात पंच म्हणून सही करायला कुणी पुढे आलं नाही की कचेरीतला शिपाई सही ठोकतो. रेकॉर्ड रूममध्ये असे कागद त्यांच्या हातून शेकड्यांनी गेले होते, आणि शिपायाची सही बघितली की अर्जदार कोणत्या वस्तीतला ते त्यांना आडनाव न वाचता सांगता येई. सहा जण एका खोलीत झोपायला चालतात. तीन खाटा, दोन पाळ्या. एकाच तव्यावरचं खायलाही चालत असेल परदेशात. पण मूल हातात द्यायची वेळ आली की सहावा भाडेकरू दिसेनासा होतो.

आणि या माणसाला शोधून, पकडून, सूप वाढून झाल्यावर आपण सर्वांसमोर उभं केलं. श्रीरंगकाकांनी निदान चिवडा खाता खाता विचारलं होतं.

बुधवारी दुपारी माइक शाळेत होता. प्रल्हादराव जिना उतरून खाली गेले, दार ढकललं. पेट्रो जागा होता. प्रल्हादराव खुर्ची ओढून बसले.

"माझं गाव चिचटोला," ते इंग्रजीत म्हणाले. "भंडारा जिल्हा. हे मी या देशात कुणाला सांगितलेलं नाही. तुमचं मी सगळ्यांपुढे सांगितलं, तेव्हा माझं तुम्हाला माहीत असावं."

म्हातारा भिंतीकडेच बघत होता. प्रल्हादराव बोलत राहिले. आमची घरं गावाच्या बाहेर, ओढ्यापलीकडे. विहीर वेगळी. गावात गेलं तर कुणाच्या अंगणात पाय ठेवायचा नाही. वडील शहरात आले, खोली भाड्याने शोधायला दारोदार फिरले, आणि प्रत्येक दारात वेगळं गाव सांगितलं. खरं सांगितलं तर कुणीतरी ओळखीचा निघायचा आणि संध्याकाळी सामान रस्त्यावर.

पेट्रोने मान वळवली.

"किती गावं सांगितली त्याने?"

"मला आठवतात ती चार."

"मी तीन," पेट्रो म्हणाला. हिशेबात आपण कमी पडलो असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मग तो बोलू लागला, तुकड्या तुकड्यांनी, पाणी पीत. आईचं नाव पारास्का. जमीनदाराच्या गोठ्यात कामाला. लग्न झालेलं नाही आणि मूल झालं. तिकडे अशा बाईच्या डोक्याला बायका जबरदस्तीने सवाष्णीचा रुमाल बांधायच्या, म्हणजे लांबूनच ओळखता यावी. चर्चमध्ये ती दाराशी उभी राहायची, पुढे यायची सोय नव्हती. आडनाव त्याला आईचंच मिळालं. त्या पाच जणांना हे सगळं ठाऊक होतं, तीच पोरं लहानपणी त्याच्यामागे ओरडत पळायची. परदेशात त्यांनी त्याला खोलीत घेतलं, कारण सहावा असला की प्रत्येकाच्या वाटणीचं भाडं कमी व्हायचं. आई बावीस सालच्या थंडीत गेली. त्यांच्यातल्याच एकाने कारखान्याच्या फाटकाशी रांगेत उभ्या उभ्या सांगितलं, वर्षभराने, एका वाक्यात.

"एक गोष्ट मी त्याला विचारली नाही," पेट्रो म्हणाला. "आमच्याकडे अशा बाईला दफनभूमीच्या कुंपणाच्या आत जागा देतातच असं नाही. आत पुरली की बाहेर, ते मला माहीत नाही. विचारलं असतं तर रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं असतं. मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. पत्र लिहून घ्यायचं तर त्यांच्याचकडून. मग पोरं झाली. पोरांना माहीत नको."

"म्हणून घरी जायचं म्हणता?"

"जाऊन बघितलं की झालं. कुणाला विचारावं लागत नाही."

साडेतीनला माइक आला तो दारातच थबकला. आजोबा उशीला टेकून बसला होता आणि शेजारी मिस्टर मेश्राम.

"कागद आण," पेट्रो म्हणाला. "वेर्बिव्काला लिही. पण इथल्या चर्चमध्ये कुणाला वाचायला द्यायचं नाही. तुला जेवढी भाषा येते तेवढीत लिही, चुकलास तरी चालेल."

माइकने दप्तरातून कागद काढला. लहानपणी चर्चच्या शनिवारच्या शाळेत शिकलेली अक्षरं एकेक आठवून तो लिहू लागला. म्हातारा त्याच्या भाषेत मजकूर सांगे आणि मग तोच मजकूर प्रल्हादरावांसाठी मोडक्या इंग्रजीत, जणू साक्षीदाराला वाचून दाखवायला हवाच. मी पारास्काचा मुलगा पेट्रो. जिवंत आहे. माझा नातू जूनमध्ये ल्विवला येईल. गोठ्यांमागच्या घरांतलं कुणी उरलं असेल तर त्याला एकच विचारावं. माझी आई बावीस साली गेली, ती कुंपणाच्या आत आहे की बाहेर.

माइकची लेखणी अडली.

"बाहेर? दिदो, तिला बाहेर का पुरतील?"

तेवढ्यात जिन्याचं दार वाजलं. राजीव लॅबमधून लवकर आला होता आणि वर बाबा दिसले नाहीत म्हणून बुटांवरच्या बर्फासकट खाली आला होता. पेट्रोने नातवाकडे बघितलं, मग डोळे मिटून घेतले. पंचाण्णव वर्षांच्या माणसाने एका दुपारी जेवढं बोलायचं तेवढं तो बोलून चुकला होता.

"हा सांगेल," तो म्हणाला, आणि बोट प्रल्हादरावांकडे होतं. "याला येतं."

प्रल्हादराव उठायच्या बेतात होते ते तसेच राहिले. शाळेच्या दाखल्यावर राजीवचं मूळ गाव नागपूर होतं, कॉलेजात नागपूर, पासपोर्टावर नागपूर, आणि त्या प्रत्येक नोंदीचा अर्ज स्वतः प्रल्हादरावांच्या अक्षरात होता. पोराने एकदा, बारा वर्षांचा असताना, विचारलं होतं. तेव्हा त्यांनी त्याला गणित करायला बसवलं होतं.

माइक लेखणी धरून त्यांच्याकडे बघत होता. फेब्रुवारी लागायच्या आत, म्हणजे तीन दिवसांत पोस्ट करायचं पत्र, अर्धं लिहिलेलं.

"राजीव, बूट काढ आणि बस," प्रल्हादराव मराठीत म्हणाले. "तूही हे ऐकलेलं नाहीस."

राजीव दाराशीच जमिनीवर बसला. प्रल्हादरावांनी वही उघडली, बघितली, आणि बंद करून मांडीवर ठेवली. त्यात यातलं काही लिहिलेलं नव्हतं.

"गावाला एक आत असतं, मिस्टर हनात्युक," ते इंग्रजीत म्हणाले, "आणि ते आत कुठे संपतं ते गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. मी पाच वर्षांचा होतो, तेव्हा मला ते माहीत नव्हतं. एकदा तहान लागली म्हणून मी ओढा ओलांडून गेलो."